पूजेतल्या घोड्या

गाडी आमच्या घरी येण्याआधी तिचं नाव ठरलं होतं. शेजारच्या हारींच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ती कित्येक वर्षं उभी होती, आणि एका रविवारी बाबा आम्हा दोघींना ती दाखवायला घेऊन गेले. मूळचा हिरवा रंग उडून गेला होता, वर कोणीतरी काळा फासला होता, तोही पोपडे धरून सुटत होता. पुढचा दिवा फुटलेला, बॉनेटवर गवताच्या पेंढ्या, आणि मागच्या सीटवर एक मांजर व्यालेलं. बाबा तिच्याभोवती लग्नाला आलेली मुलगी बघावी तसे फिरत होते. आईने नाकाला रुमाल लावून विचारलं, "ही गाडी आहे की म्हैस?" त्या डच शेतकऱ्याला मराठी कळत नव्हतं म्हणून बरं. त्या दिवसापासून ती म्हैस झाली आणि शेवटपर्यंत म्हैसच राहिली. तिच्या कंपनीचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात ते कोणी कधी उच्चारलंच नाही.

तिला मसल कार म्हणतात, हे बाबांनी परतीच्या वाटेवर समजावून सांगितलं. अमेरिकेत कोणे एके काळी साध्या अंगाच्या गाडीत आठ सिलिंडरचं राक्षसी इंजिन बसवून तरुण पोरं सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. ही जर्मनीतल्या छावणीवर आलेल्या एका अमेरिकन सैनिकाने आणली, जाताना तो विकून गेला, आणि असं हात बदलत ती आइंडहोवनजवळच्या त्या गोठ्यात येऊन बसली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की आपण भाजी आणतो सायकलवर, मुलगी शाळेत जाते सायकलवर, तुम्ही ऑफिसला जाता सायकलवर; शर्यत लावायची कुणाशी? बाबा हसले. त्या काळात ते खूप हसायचे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना ते खरं वाटणार नाही.

बाबांचं काम चिप बनवणारी यंत्रं तपासण्याचं. घराएवढालं यंत्र तयार झालं की ते बाहेर पाठवण्याआधी शेवटची तपासणी त्यांची आणि शेवटची सही त्यांची. ऑफिसात पांढरा झगा, पांढरी टोपी, हातमोजे. धुळीचा एक कण आत गेला तर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. पाच दिवस माणसाने असं धुळीला भिऊन राहायचं म्हणजे सहाव्या दिवशी त्याला चिखलात लोळावंसं वाटणारच, असं मला आता वाटतं. तेव्हा एवढंच कळायचं की शनिवारी सकाळी बाबा जुना बनियन आणि पुण्याहून आणलेली खाकी पँट घालून गॅरेजात गेले की वेगळा माणूस होतात. शीळ घालतात. आजोबांची स्कूटर त्यांनी सोळाव्या वर्षी उघडून परत जोडली होती, त्यात दोन स्क्रू उरले होते आणि तरी ती अकरा वर्षं चालली, ही गोष्ट ते दर शनिवारी नव्याने सांगायचे.

आमचं घर ओळीतलं शेवटचं, त्यामुळे एका अंगाला गॅरेज होतं. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पातळ दार. त्या दाराने दोन वर्षं आईचा छळ केला. फोडणीत पेट्रोलचा वास आणि पेट्रोलमध्ये फोडणीचा. इकडे मिक्सर लावला की तिकडे ग्राइंडर लागायचा, जणू एकमेकांना उत्तरं देतायत. चहा झाला की आई दारावर लाटणं ठोकायची, कारण हाक आत पोचायचीच नाही. थालीपीठ दाराच्या फटीतून मिळायचं, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, आणि काळ्या हातांनी ते कागदासकट धरून खायचं अशी आमची पद्धत होती. हारीसुद्धा तसंच खायचे. हारी म्हणजे शेजारचे निवृत्त वेल्डर, साठी उलटलेले, बायको गेलेली. आईने पहिल्याच महिन्यात त्यांचे हरिभाऊ केले. ते बरोबर साडेदहाला स्वतःचा कॉफीचा मग घेऊन यायचे आणि बाराच्या ठोक्याला "होउदू" म्हणून, म्हणजे इकडच्या बोलीत "येतो" म्हणून, निघायचे. थालीपीठ तिखट आहे हे त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं की कळायचं. तोंडाने त्यांनी कधी तक्रार केली नाही.

आणि मी. मी त्या गॅरेजात पान्हे देणारी पोर नव्हते, हे सांगायला हवं. मी बाबांची भागीदार होते. मला वर्गात फारसं कोणी विचारायचं नाही. डच माझं चांगलं होतं, पण चांगलं असणं आणि आपलं असणं यात फरक असतो. म्हशीच्या बाबतीत मात्र माझ्या शब्दाला किंमत होती. कार्ब्युरेटर मी एकटीने उघडून साफ केला. मागच्या ब्रेकचे ड्रम बसवले ते मी. रंगावरून आमची भांडणं झाली. हारींचं म्हणणं मूळ हिरवाच द्या, गाडी जशी होती तशी करायची असते. बाबांचं म्हणणं, आपली गाडी आपल्यासारखी दिसली पाहिजे. शेवटी मी सांगितलं तसं झालं: अंग काळंभोर आणि नाकापासून शेपटीपर्यंत शेंदरी रंगाचे दोन पट्टे. आई म्हणाली, म्हशीला पोळ्याला रंगवतात का कधी? पण मागच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "श्री" काढायचा हट्ट तिचाच.

बाबांचे नियम थोडे होते आणि ते मोडायचे नसत. त्यातला पहिला असा, की जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. जॅकमध्ये तेल असतं, तेल कधी दगा देईल सांगता येत नाही. गाडी उचलली की खाली लोखंडी घोड्या लावायच्या, तीन पायांच्या, ठोकळ्यासारख्या, आणि गाडीचं वजन त्यांच्यावर सोडायचं. आपले मेकॅनिक त्यांना घोड्या म्हणतात, हारी त्यांच्या भाषेत बोकड म्हणायचे; जनावर बदललं तरी काम तेच. घोड्या लावल्यावरही बाबा जॅक काढून घ्यायचे नाहीत, खाली टेकवून तसाच ठेवायचे, दुहेरी खात्री म्हणून. मग गाडीला तळहाताने दोनदा ढकलून बघायचं, आणि मगच खाली शिरायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी म्हणून दाखवलं असतं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ग्राइंडर उडाला आणि बाबांच्या डाव्या अंगठ्याला खोल कापलं. टाके पडले. हाउसआर्ट्स, म्हणजे आमचा गल्लीतला डॉक्टर, बाबांना म्हणाला की हातमोजे घालत जा. आईचं निदान वेगळं होतं. तिचे वडील पिंपरीला लेथवर काम करायचे, आणि त्यांच्या घरी खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला मांडायचे, अगदी अडकित्त्यापासून. एखादं राहिलं तर ते वर्षभरात उट्टं काढतं, असं तिथे मानत. आईने बोट ठेवून सांगितलं की गेल्या नवमीला ग्राइंडर हारींकडे होता, पूजेला नव्हता. बाबा म्हणाले, "अगं, ग्राइंडरला काय कळतं?" आई म्हणाली की त्याला कळत नाही म्हणूनच पूजा करायची. 

त्या शरदात म्हैस जवळजवळ तयार झाली. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गल्लीतल्या तीन घरांचे पडदे हलले आणि आमच्या मांडणीवरचे पेले थरथरले. कागदपत्रं झाली, नंबर मिळाला. बाबांनी जाहीर केलं की दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, आणि खरंखुरं करायचं. बेल्जियमची सीमा आमच्यापासून पाऊण तासाच्या आत. म्हशीत बसायचं, सीमा ओलांडायची, पलीकडे कुठेतरी कॉफी प्यायची आणि सोनं वाटायचं. सोनं म्हणजे आपट्याची पानं इथे कुठली. मी बागेतल्या झुडपाची जोडपानं खुडून वहीत दाबून ठेवली होती. हारींनाही बोलावलं होतं. आईने नको नको म्हणत नवी साडी काढून ठेवली, हे मी पाहिलं होतं.

एकच काम उरलं होतं. मागच्या आसाच्या मधल्या, गियर असलेल्या गोळ्यातून तेल ठिबकत होतं. अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही मागची चाकं काढली, गाडी मागून उचलून दोन घोड्यांवर ठेवली, आणि बाबांनी नवं सील बसवलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं. उद्या कागद कोरडा दिसला तर चाकं चढवायची आणि परवा निघायचं, असं ठरलं. बाबांनी गाडी दोनदा ढकलून बघितली. मी तिथेच उभी होते. हे मला इतकं स्वच्छ आठवतं की कधीकधी वाटतं, आठवलं नसतं तर आयुष्य सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला शरदाची सुट्टी होती. बाबा ऑफिसला गेले. आईने अर्धी रजा काढली होती. नऊ दिवसांचा उपास तिच्या चेहऱ्यावर दिसत होता, पण अंगात जोर संचारला होता. घट तिने हीटरशेजारी बसवला होता कारण इथल्या थंडीत गहू उगवत नाही, आणि त्या वर्षी अंकुर वीतभर वाढले होते, त्याचाच तिला आनंद. बैठकीच्या खोलीत सतरंजी घातली, त्यावर पांढरी चादर. तिने विळी, कात्री, शिवणाचं यंत्र, बाबांचा लॅपटॉप, माझं कंपासपेटीतलं कर्कटक असं सगळं मांडलं आणि मला म्हणाली, गॅरेजातली हत्यारं आण, आणि या वर्षी एकसुद्धा राहता कामा नये. मी पान्ह्यांचे डबे आणले. ग्राइंडर आणला, त्याला आईने मानाने मधोमध ठेवलं. ड्रिल, हातोड्या, वेल्डिंगचा मुखवटा, तारेच्या जाळीतला तो हातातला दिवा, मागची दोन्ही चाकं. सगळं पुसून, धुऊन. झेंडू मिळाला नव्हता म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती.

मग आईने स्वतः गॅरेजच्या दारात येऊन नजर फिरवली. "त्या काय राहिल्यात खाली?" मी म्हटलं, त्या घोड्या आहेत, त्यांच्यावर गाडी उभी आहे. आई म्हणाली, म्हणजे सगळ्यात जास्त भार त्यांच्यावर आणि पूजा बाकीच्यांची, हा कुठला न्याय. मी सांगितलं की काढता येणार नाहीत, आणि सांगताना मला ठाऊक होतं की काढता येतील. जॅक तिथेच टेकलेला होता. त्याचा दांडा चार वेळा मारला की गाडी घोड्यांवरून बोटभर उचलली जाणार आणि घोड्या मोकळ्या होणार. मी ते पन्नास वेळा केलं होतं. आज गॅरेजात कोणीच काम करणार नव्हतं, कारण पूजेला लावलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. हत्यारं सगळी बाहेर, मग गाडीखाली जाईल कोण? मला तो विचार चोख वाटला. सोळा वर्षांच्या हुशार मुलीला स्वतःचे विचार चोखच वाटतात.

मी दांडा मारला. घोड्या काढल्या, घासून धुतल्या, आईने त्यांना हळदकुंकू लावलं आणि चाकांच्या मागे मांडल्या, वर शेवंती वाहिली. मी विचारलं, "आई, संध्याकाळी परत लावू ना?" ती समईची वात सारखी करत होती. न बघता म्हणाली, "आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या सकाळी पाणी सोडलं की लाव." मी बरं म्हटलं. बाबांना फोन करून सांगावं असं मनात आलं होतं. आलं होतं, हे मी नाकारत नाही. मग आईने वरणाला फोडणी दिली, मला कोथिंबीर निवडायला बसवलं, आणि ते राहून गेलं.

बाबा साडेसहाच्या सुमारास आले. बाहेर पाऊस होता, उजेड जात आला होता. आई म्हणाली, आधी नमस्कार करा. त्यांचे बूट ओले होते म्हणून त्यांनी खोलीच्या दारातूनच हात जोडले. तिथून त्यांना समई दिसली असेल, फुलं दिसली असतील, पुढे मांडलेली चाकं दिसली असतील. मी स्वयंपाकघरात ताटं मांडत होते. बाबा माझ्यामागून गेले, माझी वेणी ओढली आणि म्हणाले, "कागद कोरडा आहे का बघून येतो. हत्यार लावत नाही, नुसता हात लावतो." हे आईला ऐकू जावं म्हणून ते मोठ्याने म्हणाले, तिला चिडवायला. आणि पातळ दार उघडून गेले.

माझ्या हातात वाटी होती. मला हाक मारायला किती वेळ होता, याचा हिशेब मी आयुष्यभर केला आहे. एखादं मिनिट होतं. त्या मिनिटात मी वाट्या मांडल्या. घोड्यांची आठवण मला झाली ती चौथ्या वाटीला, हारींच्या, कारण तेही जेवायला येणार होते. मी "बाबा" म्हणेपर्यंत आवाज झाला. तो फार मोठा आवाज नव्हता. इंजिन सुरू झालं तेव्हा पेले थरथरले होते, या वेळी तेही हलले नाहीत.

जाळीतला दिवा पूजेत होता, म्हणून बाबांनी तोंडात छोटी बॅटरी धरली होती. जॅक जागच्या जागी दिसला, नेहमीसारखा. घोड्या काल स्वतः लावल्या होत्या, म्हणून त्यांनी त्या बघितल्या नसणार. दोनदा ढकलूनही बघितलं नसणार, कारण फक्त हात घालायचा होता आणि ताटं वाढलेली होती. ते कुशीवर होऊन आत सरकले, खांदा गाडीला लागला, आणि म्हैस जॅकवरून घसरली. ब्रेकचा ड्रम त्यांच्या उजव्या हातावर आला, कोपराच्या खाली. छाती वाचली ती बोटभर अंतराने. बाबा ओरडत नव्हते. बॅटरी त्यांच्या तोंडातून पडून जमिनीवर जळत होती आणि तिच्या उजेडात तो वर्तमानपत्राचा कागद दिसत होता. तेलाचा एकही थेंब नव्हता त्यावर.

हारी जेवायला म्हणून दारात उभेच होते. ते धावत आले, जॅक ओढून खाली सरकवला आणि गाडी उचलायला लागले. गाडी वर आली तशी ते ओरडले की बोकड कुठे आहेत, बोकड आणा. मी भिंतीला चिकटून उभी होते. आई आत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एकेक घोडी होती, आणि एक शेवंतीचं फूल तिच्या साडीला चिकटलं होतं. दार ओलांडताना तिने पदराने आधी एक पुसली, मग दुसरी. माझ्याकडे तिने पाहिलं. मग वाकून हारींच्या हातात दिल्या. घाईत नीट पुसलं गेलं नव्हतं. हारींच्या पंजाला लाल लागलं आणि त्यांना ते रक्त वाटलं.

रुग्णवाहिका आली, मागोमाग पोलीस आले. कोणी वाईट वागलं नाही. एका तरुण पोलिसाने इंग्रजीत आईला विचारलं की हे स्टँड तेव्हा कुठे होते. आई अंगावर कोट चढवत होती, रुग्णवाहिकेत बसायचं होतं. ती म्हणाली, कोपऱ्यात होते, नवऱ्याने लावले नव्हते, विसरले असतील. पोलिसाने लिहून घेतलं. हारींनी मान हलवली, खिन्नपणे, चांगल्या कारागिराची चूक बघून दुसरा कारागीर हलवतो तशी. मी तिथेच होते. मला डच येत होतं, इंग्रजी येत होतं, मराठी येत होतं.

हात वाचला नाही. कोपराच्या चार बोटं खाली काढावा लागला. तिसऱ्या दिवशी बाबा नीट शुद्धीवर आले आणि पहिला प्रश्न हाताचा नव्हता. त्यांनी आईला विचारलं, "घोड्या लावल्या होत्या ना गं मी?" त्यांचा आवाज अगदी बारीक होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. आईने त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "नव्हत्या लावल्या हो. कोपऱ्यात होत्या." बाबा छताकडे बघत राहिले. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की ते अष्टमीची संध्याकाळ शोधतायत, तिथे घोड्या लावलेल्या दिसतायत, आणि आता ते त्या आठवणीवरचा विश्वास काढून घेतायत. माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचं घर रिकामं करावं तसं ते होतं, आणि आम्ही दोघी ते करत होतो.

हाताची सवय झाली. डाव्या हाताने ते जेवायला शिकले, लिहायला शिकले. ज्याची सवय झाली नाही ते वेगळं होतं. कामावर परत गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःहून अर्ज दिला की शेवटच्या तपासणीवर माझी सही नको. वरिष्ठांनी समजूत घातली, हात गेला म्हणून डोकं जात नाही म्हणाले. बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, "जो माणूस घोड्या न लावता, लावल्या असं शपथेवर सांगू शकतो, त्याची सही काय कामाची?" त्यांना दुसरं टेबल मिळालं, कागद इकडचे तिकडे करण्याचं. ते घरात दारं तपासायला लागले. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. गॅस बंद केला का ते बघायला जेवणावरून उठायचे, एकदा, मग पुन्हा एकदा. शीळ बंद झाली. स्कूटरची गोष्ट त्यांनी परत कधी सांगितली नाही. दोन स्क्रू उरल्याचं त्यांना आता हसू येत नसावं.

म्हैस हारींनी विकून दिली. घेणारा बेल्जियमचा निघाला. तो ती ट्रेलरवर घालून घेऊन गेला तेव्हा आई खिडकीत उभी होती, मी जिन्यात, आणि बाबा मागच्या अंगणात काहीतरी तपासत होते. म्हणजे सीमोल्लंघन झालं, फक्त आम्ही त्यात नव्हतो.

मी का सांगितलं नाही, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. पहिल्या आठवड्यात भीती होती. नंतर असं वाटलं की मी सांगितलं तर आई खोटी पडेल, आणि तिने खोटं माझ्यासाठी घेतलं होतं. की स्वतःसाठी? एकही राहता कामा नये, हे तीच म्हणाली होती. आज हत्याराला हात लावायचा नाही, हेही. मी युट्रेख्टला शिकायला निघाले त्या सकाळी धीर करून तिला म्हटलं, "आई, आपण बाबांना सांगू या." ती माझ्या पिशवीत लाडवांचा डबा बसवत होती. म्हणाली, "एक हात गेलाय त्यांचा. आता मुलगीपण घालवू का?" मी पिशवीची चेन लावली. मला ते उत्तर सोयीचं होतं. प्रेमाच्या नावाखाली सोय किती काळ खपते ते मी तिच्याकडून शिकले आणि तिच्याहून चांगली शिकले.

आता माझे केस पिकायला लागलेत. माझ्या घरी नवमीला पूजा होत नाही. माझी मुलं विचारतात, मी विषय बदलते. पण गेल्या वर्षी बाबांची सत्तरी झाली. केक झाला, पाहुणे गेले, आम्ही तिघंच मागे उरलो. बाबा डाव्या हाताने टेबल पुसत होते आणि सहज म्हणाले की हल्ली विसरायला होतं, अर्थात मला ते जुनंच आहे, त्या दिवसापासूनचं. ते हसून म्हणाले, आणि ते हसणंच मला सहन झालं नाही.

मी सगळं सांगितलं. जॅकचा दांडा, घोड्या धुतल्या ते, शेवंतीची फुलं, चौथी वाटी. एकही गोष्ट गाळली नाही. मी रडत नव्हते, अशी माझी समजूत आहे. आई समोर मटार सोलत बसली होती, तिचे हात थांबले नाहीत.

बाबांनी फडकं खाली ठेवलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं की आता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी परत येईल. मग ते आईकडे वळले. "काय गं, घोड्या पूजेत होत्या?"

"मला नाही बाई आठवत," आई म्हणाली. "किती वर्षं झाली."

बाबांनी मान हलवली. माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, जो होता तो. "अनू, तुझं मन चांगलं आहे. पण मला बरं वाटावं म्हणून असं काही रचू नकोस. माझी चूक मी दुसऱ्याच्या नावावर कधी घातली नाही, तुझ्या तर नाहीच नाही."

"बाबा, खरं सांगतेय मी."

"बरं," ते म्हणाले, लहान मुलाला म्हणावं तसं. मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "गॅस बंद केलाय का कोणी?"

मी म्हटलं, "मी केलाय, बाबा. आत्ताच केला."

"असेल," बाबा म्हणाले, आणि बघायला गेले.